आबांची जीप आणि संजीवनीचे रविवार

सांगवीहून डाळजला जीप आली ती टोचन लावून. पुढं गोकुळचा पिकअप, मधे लोखंडी पाइप आणि मागं जीपच्या स्टिअरिंगवर संजीवनी. ब्रेकचं पायडल दाबलं की सरळ तळाला जाऊन बसायचं, त्यामुळं सगळी मदार हँडब्रेकवर. बारामती ओलांडून भिगवणच्या रस्त्याला लागल्यावरही तिचा हात त्या दांड्यावरून निघाला नाही. घरापुढच्या अंगणात वरात थांबली, गोकुळ घाम पुसत खाली उतरला आणि बघतो तर बायकोच्या तोंडावर जत्रा करून आल्यासारखा आनंद.

"आता हिचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. ब्रेकचं तेवढं काम हाय. दोन रविवार लागतील."

गोकुळनं मान डोलावली. तो पपई आणि ढोबळी मिरची पिकवणारा माणूस. एक रोग आला की त्याच्यामागं दुसरा येतो, हे त्याला ठाऊक होतं.

संजीवनी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात फिटर. मशीन बंद पडलं की हाक तिला. तरुणपणी बारामतीच्या आयटीआयत ती फिटर ट्रेडला गेली तेव्हा वर्गात सगळी मुलं आणि ही एकटी. पहिल्या दिवशी सरांनी तिला सांगितलं, "बाळ, शिवणकामाचा वर्ग पलीकडच्या इमारतीत." ती म्हणाली, "मला कानस चालवायचीय, सर." वर्षअखेरीला सर तिनं घासलेला लोखंडी ठोकळा मुलांपुढं धरून म्हणायचे, गुण्या लावून बघा, उजेड दिसतो का मधून.

ही ओढ तिला लावली ती आबांनी आणि त्यांच्या जीपनं. तिचे वडील सावळाराम, सांगवीचे भाजीवाले शेतकरी. सारा गाव त्यांना आबा म्हणायचा. त्यांनी जुन्या बाजारात ही जीप घेतली आणि पंचवीस-तीस वर्षं तीतून वांगी, मेथी, कोबी बारामतीच्या मंडईत नेली. चिखल असो, ओढ्याला पाणी असो, चारही चाकं लावून आबा बांधावरून बाहेर पडणारच. संजीवनी चौदा वर्षांची असताना ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात त्यांनी तिला गाडी शिकवली. "क्लच म्हंजी बैलाचा कासरा," ते सांगायचे. "एकदम सोडलास की बैल उधळतोय. हाताला ओढ जाणवंल तसं सोडायचं."

पुढं काचबिंदूनं आबांची नजर गेली. आता त्यांना उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते, बाकी सगळं धुकं. जीप गोठ्यामागच्या पत्र्याखाली नऊ वर्षं उभी राहिली. कोंबड्यांनी मागच्या बाकावर अंडी घातली, उंदरांनी वायरी खाल्ल्या. शेवटी भाऊ विजयसिंह म्हणाला, भंगारवाला येणार हाय, जागा तरी मोकळी होईल. संजीवनीनं फोनवर एवढंच सांगितलं, "भंगारवाल्याच्या आधी मी हाय."

तर पहिल्या रविवारी तिनं ब्रेकचा मास्टर सिलिंडर खोलला. आतल्या रबराची काकवी झालेली. नवं रबर घातलं, ऑइल भरलं, पायडल मारलं, तर मागच्या उजव्या चाकाखाली तेलाचं थारोळं दिसलं. म्हणून चाक काढलं. आतले लायनर तेलानं माखलेले. पण तिनं ते तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं, आणि तिचे डोळे चमकले. हे ब्रेकचं तेल नव्हतं. जाड होतं, उग्र वासाचं होतं. म्हणजे ॲक्सलचं सील फुटलेलं. सीलपर्यंत जायचं तर बेअरिंग काढावं लागणार. बेअरिंग काढलं तर त्याच्या कड्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे.

एका चाकाची ही गत, तर उरलेल्या तिघांची काय असेल? दुसऱ्या रविवारी संध्याकाळी जीप लाकडी ठोकळ्यांवर चढलेली होती आणि चारही चाकं ओट्यावर ओळीनं टेकून ठेवलेली. तिसऱ्या रविवारी तर कहर झाला. जीप थोडी आणखी उचलावी म्हणून तिनं चॅसीखाली जॅक लावला आणि दांडा मारला. जीप वर आली नाही. जॅकचं टोकच वर गेलं, भाकरीत बोट घुसावं तसं चॅसीच्या पत्र्यात घुसलं. गंजाचा भुगा तिच्या तोंडावर पडला.

गोकुळ धावत आला. "लागलं का?"

ती जीपखालून बाहेर आली. केस, भुवया, सगळं तांबडं झालेलं. "आवं, आतनं पोकळ हाय. बॉडी उचलावी लागणार," ती म्हणाली, आणि ते अशा आवाजात म्हणाली की पोरीचं लग्न ठरल्याची बातमी सांगावी.

गोकुळला याचं नवल वाटे. दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावून बसलं असतं. संजीवनीचं उलट. काम जितकं खोल जाई तितका तिला हुरूप चढे. एकदा मिरचीला पाणी सोडून दोघं बांधावर बसले असताना त्यानं विचारलंच.

"कारखान्यात काय असतं," ती म्हणाली, "मशीन थांबलं की मागं चार सायेब घड्याळ बघत उभं. बिघाड का झाला ते बघायला सवडच न्हाय. तुकडा बदल, चालू कर, पुढं चल. पंचवीस वर्षं मी नुसती वरवरची कामं केली. हितं मला कुणी घाई करत न्हाय. एखादं दुखणं पार मुळापतूर जाऊन बघायला मिळतंय. लई बरं वाटतं."

त्या दिवसापासून गोकुळचंही मन पालटलं. त्यानं पपईच्या फवारणीचा पंप धुऊन डिझेलनं भरला आणि जीपच्या गंजलेल्या बोल्टांवर मारून दिला. मग त्याला चटकच लागली. रविवारी सकाळी चहा झाला की तोही तारेचा ब्रश घेऊन स्प्रिंगचे पाटे घासायला बसू लागला. घरात कुठं काय सापडेल याचा नेम राहिला नाही. धान्याच्या रिकाम्या कोठीत पाटे, दुधाच्या किटलीत नटबोल्ट, आणि प्रत्येक किटलीला संजीवनीच्या अक्षरातली चिठ्ठी. एकदा गोकुळच्या मावशीनं बर्फ काढायला फ्रीज उघडला तर आत दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं लोखंडी कडं. संजीवनी तेव्हा चुलीवर चाकाचा हब, म्हणजे मधला लोखंडी भाग, तापवत होती. थंडीनं कडं आक्रसतं, आचेनं हब फुलतो, आणि हातोडा न मारता एकात दुसरं बसतं. हबमध्ये ते कडं टुक् करून बसलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "बाई, सुनेला जागा द्यावी घरानं तर अशी."

दिवाळी झाल्यावर बॉडी उचलायचा दिवस ठरला. आजूबाजूच्या वस्त्यांवरची दहा माणसं आली. सगळे बोल्ट आधीच सुटलेले होते. संजीवनी मधे उभी राहून सांगत होती, तुमी हितं, तुमी तितं, मी म्हणल्याशिवाय कुणी ओढायचं न्हाय. तीन म्हटल्यावर जीपचं अंग वर उचललं गेलं आणि खाली उघडा सांगाडा राहिला. त्या सांगाड्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात वर्षानुवर्षांची माती थरानं बसलेली. ती खरवडताना मेथीचं वाळलं बी निघालं, वांग्याची देठं निघाली, आणि पाठीमागच्या कोनाड्यातून एक गंजलेलं दोनशे ग्रॅमचं माप निघालं.

तिनं लगोलग सांगवीला फोन लावला. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आगं, त्या मापापायी मी शेजारच्या गाळेवाल्याशी दोन वरसं बोललो न्हाय. त्यानंच चोरलं म्हणून."

"मग आता त्याला सांगा की."

"सांगतो. हाय अजून त्यो. उद्याच जातो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी विजयसिंहाच्या मोटारसायकलवर बसून आबा त्या गाळेवाल्याच्या घरी जाऊन आले, चहा पिऊन.

चॅसीचा सडका भाग तिनं कापून काढला. कारखान्यातल्या जुन्या वेल्डरला घरी आणून दाखवला, त्याच्या सल्ल्यानं जाड पट्टी बसवली, आणि शेवटचा जोड त्यानं तिच्या हातून करवून घेतला. मग पाट्यांचे बुश, मग खालचा पत्रा, मग रेडिएटर. एक काम संपलं की त्याच्या पोटातून दुसरं निघे. कॅलेंडरवर ती झालेल्या कामांवर फुली मारी आणि खाली नवी लिही; मार्चपर्यंत कॅलेंडरच्या तारखा दिसायच्या बंद झाल्या.

मार्चच्या एका रविवारी सकाळी इंजिन चालू करायचं ठरलं. गोकुळनं नारळ आणला. संजीवनीनं मोबाइल बॉनेटवर ठेवला, कारण सांगवीला आबा कान लावून बसले होते. स्टार्टर मारला. एकदा घरघरलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि तिसऱ्यांदा काळ्या धुराचा लोट सोडून इंजिन पेटलं. शेजारची माणसं गोळा झाली. गोकुळ नारळ फोडायला निघाला तोच फोनमधून आबा ओरडले, "थांब. एक पाय लंगडतोय."

"काय म्हणता?"

"चार शिलिंडरातला एक काम करीना. मोज की तू. धड, धड, धड, फुस्. इंजेक्टरच्या नळ्या एकेक करून सैल कर. जी सैल केल्यावर आवाज बदलत न्हाय, तिथं दुखणं हाय."

तिनं पाना घेतला. पहिली नळी सैल केली, इंजिन डगमगलं. आवळली. दुसरी, पुन्हा डगमगलं. तिसरी सैल केली आणि आवाजात तसूभर फरक पडला नाही.

"तिसरा," ती फोनवर म्हणाली.

"त्योच," आबा म्हणाले. "त्यो पयल्यापसनं कामचुकार हाय."

त्या दिवसापासून दर रविवारी आबा फोनवर हजर असत. पन्नास किलोमीटरवरून नुसत्या आवाजावर ते पट्टा सैल आहे का, टॅपेट वाजतोय का, ते सांगत. विजयसिंह बहिणीला म्हणाला, आबा आता शनिवारपासूनच फोन चार्जिंगला लावून ठेवतात. जेवणही वाढलंय.

मे उजाडला आणि उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्याच्याही खाली गेलं. डाळजच्या बाजूला जिथं एरवी पाणी काठाला लागलेलं असतं, तिथं पाणी दोन-अडीच किलोमीटर आत सरकलं. उघड्या पडलेल्या तळाला भेगा गेल्या. आबा आणि संजीवनीची आई लीलाबाई उन्हाळ्यासाठी लेकीकडं राहायला आले होते. एका सकाळी गोकुळनं मोबाइलवर आलेला फोटो दाखवला. चिखलातून वर आलेली दगडी जोती, एक मोडकी दीपमाळ आणि बारवेचं तोंड.

"ही तर आमची पिंपळवाडी," लीलाबाई म्हणाल्या.

पिंपळवाडी म्हणजे त्यांचं माहेर. लीलाबाई लग्न होऊन सांगवीला गेल्या, आणि पुढं सात-आठ वर्षांत धरणाचं पाणी चढलं. वाडी उठली, माणसं चारी दिशांना पांगली. त्या वेळी लीलाबाई बाळंतीण होत्या, संजीवनी पोटाशी. वाडीला निरोप द्यायला त्यांना जाता आलं नाही. आता वय बाहत्तर, गुडघे धरलेले, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. ट्रॅक्टर तिथपर्यंत जात होते, पण ट्रॉलीचे दणके त्यांना डॉक्टरांनी मना केले होते, आणि चालत जाणं तर दूरच.

त्यांनी फोटो दोनदा बघितला, मोबाइल परत दिला आणि भाजी निवडायला बसल्या. मग खाली बघतच म्हणाल्या, "संजे, तुजी ती गाडी चालती का न्हाय?"

संजीवनीनं जीपकडं बघितलं. इंजिन होतं, ब्रेक होते, बॉडी परत बसली होती. पण पुढच्या चाकांना ताकद देणारी गिअरपेटी टेबलावर सुट्या दात्यांच्या ढिगात पडलेली होती. तिचा दांडा जाम झाला होता, म्हणून गेल्याच रविवारी तिनं ती खोलली होती. आणि पुढच्या चाकांशिवाय त्या चिखलात जाणं म्हणजे रुतायला जाणं.

"चालंल," ती म्हणाली. "वरनं पाणी यायच्या आत चालंल."

मग तिनं आठ दिवसांची रजा टाकली. पंचवीस वर्षांत लग्नकार्याशिवाय एवढी रजा तिनं कधी काढली नव्हती. साहेबांनी कारण विचारलं, तिनं खरं तेच सांगितलं, आईला माहेरी न्यायचंय. पेटीतला एक दाता झिजलेला निघाला. तो पुण्याहून मागवला. दाते सरकवणारा शिफ्टरचा काटा वाकलेला; तो तिनं तापवून सरळ केला. आबा टेबलाशी बसून एकेक दाता हातात घेत, अंगठा फिरवत, "ह्यो बरा. ह्यो बी बरा. ह्याची धार बघ, गेलीय," असं सांगत. नजर नव्हती, पण त्यांचा अंगठा संजीवनीच्या मापाच्या पट्टीपेक्षा कमी नव्हता. सहाव्या दिवशी पेटी बसली. दांडा टाकला तर लोण्यातून सुरी जावी तसा आत गेला. संजीवनीनं तो सात-आठ वेळा उगाचच मागंपुढं केला.

गाडीचं पासिंग अजून व्हायचं होतं, म्हणून हायवेला चाक लावायचं नाही, शेतातल्या वाटेनंच काठ गाठायचा, असं ठरलं. सातव्या दिवशी सकाळी उन्हाच्या आत निघाले. स्टिअरिंगवर संजीवनी, शेजारी जाड गादी टाकून लीलाबाई, मागं आबा आणि फावडं, दोन फळ्या घेऊन गोकुळ. लीलाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं.

भेगाळलेली जमीन सरळ गेली. जीप अशी चालली होती की संजीवनीला हसू आवरेना. पत्रा वाजत नव्हता, पाटे दबून परत उसळत होते, ब्रेक लागत होता. आपण एकेक बोल्ट ओळखतो अशा गाडीत बसण्यात काय मजा असते, ते तिला त्या दिवशी कळलं. दीपमाळ लांबून दिसू लागली. आणि तिथंच, शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर, वरून सुकलेला दिसणारा पट्टा आतून ओला निघाला. जीप थबकली, घसरली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

संजीवनीनं पुढच्या चाकांचा दांडा टाकला. ॲक्सिलरेटर दाबला. चिखल उडाला, गाडी आणखी बसली. सहा दिवस खपून जोडलेली पेटी, आणि ऐन वेळी काम करत नाही.

"पाय काढ," मागून आबा म्हणाले. ते डोळे मिटून ऐकत होते. "पुढली चाकं फिरंनात. आवाज नुसता मागनं येतोय. पेटी बरी हाय. चाकांची कुलपं लावलीस का?"

संजीवनीनं कपाळावर हात मारला. पुढच्या चाकांच्या मधोमध एक चकती असते. ती हातानं फिरवून लावल्याशिवाय चाकाला ताकद पोचत नाही. तिनं त्या चकत्या महिन्यापूर्वी स्वतः खोलून, धुऊन, ग्रीस भरून बसवल्या होत्या. आणि लावायच्याच विसरली होती.

ती खाली उतरली. चिखल गुडघ्यापर्यंत आला. डावी चकती फिरवली, वळसा घालून उजवी फिरवली, चिखलानं भरलेल्या पायांनी परत चढून बसली. आबांनी मागून हळूच सांगितलं, "आता कासरा सोड. ओढ जाणवंल तशी." तिनं क्लच सोडला. पुढच्या चाकांनी चिखलात नखं रोवल्यासारखी जमीन धरली, गाडी एकदा थरथरली आणि तसूतसूनं वर आली. गोकुळ हातातलं फावडं तसंच धरून बसला होता. त्याची गरजच पडली नाही.

पिंपळवाडीत लीलाबाईंना उतरवायला दोघांनी धरलं, पण पाय टेकल्यावर त्यांनी दोघांचेही हात सोडवले. काठी टेकत त्या निघाल्या. दीपमाळेपासून डावीकडं, बारवेला वळसा, तिसरं जोतं. कुणाला काही विचारलं नाही.

"ह्यो उंबरा," त्यांनी काठीनं दाखवलं. "हितं जातं. हितं चूल. आगं तुज्या आजीला धूर लागायचा म्हणून आमी भिताडाला भोक पाडलं होतं, त्ये हितं." मग त्यांनी आबांना हाताला धरून आणलं आणि त्यांचा तळवा एका चौकोनी दगडावर टेकवला. "वळकलंत का? ह्याच्यावर उभं करून तुमच्या पायावर पाणी घातलं होतं माज्या भावानं."

आबांनी दगड चाचपला. "व्हय," ते म्हणाले. "लई गार पाणी होतं."

लीलाबाई खळखळून हसल्या. संजीवनीनं आईला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. त्या तासभर तिथं हिंडल्या, कुणाचं घर कुठं ते लेकीला दाखवत राहिल्या, आणि परत जीपमध्ये बसताना म्हणाल्या, "आता उद्या सारजाला आण."

सारजा म्हणजे त्यांची बालमैत्रीण, भिगवणला राहणारी. तिचेही गुडघे गेलेले. दुसऱ्या दिवशी सारजाबाईंचा नातू त्यांना डाळजपर्यंत सोडून गेला, आणि सारजाबाईंनी घरी गेल्यावर आणखी तिघांना फोन केले. बातमी पांगलेल्या वाडीभर पसरली. इंदापूरहून, बारामतीहून, एक जण तर सोलापूरहून आला. सगळे सत्तरीच्या पुढचे. जून निम्मा होईपर्यंत रोज सकाळी कुणी ना कुणी संजीवनीच्या ओट्यावर चहा पीत बसलेलं असे. रजा संपल्यावर ती कामावर जायच्या आधी एक खेप करी आणि रविवारी तीन. गोकुळ पिकअपमधून माणसं आणायला जाई. कुणी पैसे देऊ केले तर लीलाबाईच आधी नको म्हणत. माहेरच्या माणसांकडून कसले पैसे घ्यायचे.

शेवटच्या खेपेला पाच जण होते. परत निघायच्या वेळी जीप चालू होईना. स्टार्टर नुसता टकटक करत राहिला. आकाशात पुण्याच्या बाजूला ढग जमलेले, आणि जमिनीवर चिखलाच्या मधोमध पाच म्हातारी माणसं. संजीवनी खाली उतरून बॉनेट उघडणार, तोच सारजाबाई खाली उतरल्या. त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या, हट्ट करून. त्यांनी पदर खोचला आणि जीपच्या पाठीला हात लावले.

"आवो, तुमी नका," संजीवनी म्हणाली. "गुडघं हायती तुमचं."

"गुडघ्यानं ढकलायचं हाय व्हय? हातानं ढकलायचं," सारजाबाई म्हणाल्या. "ये रं तू बी," असं त्यांनी सोलापूरहून आलेल्या शाळासोबत्याला म्हटलं, आणि तो चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस निमूट खाली उतरला. पाचही जणांनी खांदे लावले. जोत्यापासून बारवेकडं जमिनीला थोडा उतार होता. संजीवनीनं दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरला. गाडी हलली, हळू हळू सुटली. मागून धापा आणि हसणं एकत्र ऐकू येत होतं. तिनं क्लच सोडला. इंजिनानं एक झटका खाल्ला आणि पेटलं. तिनं आरशात बघितलं, तर पाचही जण एकमेकांचे हात धरून, लहान पोरांसारखे, गाडीमागून येत होते.

पुढच्या आठवड्यात घाटाकडं पाऊस लागला आणि नदीनं पाणी आणलं. जुलैत पिंपळवाडी परत झाकली गेली. तोवर बेचाळीस माणसं ती बघून आली होती. ऑगस्टमध्ये बारामतीच्या आरटीओत जीपचं पासिंग झालं; अधिकाऱ्यानं खाली वाकून चॅसीचे जोड बघितले आणि विचारलं, हे काम कुठल्या गॅरेजचं? "घरचं," संजीवनी म्हणाली. त्याच वाटेनं ती पुढं सांगवीला गेली. आबा फाटकाशी उभे होते. त्यांनी लांबूनच आवाज ओळखला, आणि गाडी आत येऊन थांबायच्या आत हात वर करून सांगितलं, "स्टार्टर खोललास म्हणं, ते बरं केलंस. पण मागल्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलला किरकिर हाय गं."

"मला बी ऐकू आली," ती म्हणाली. "उतर म्हणू नका आता, तुमीच चढा. चालत्या गाडीत ऐकू या." आबा चाचपत पुढच्या सीटवर बसले, तिनं गाडी वळवली, आणि दोघं उसाच्या बांधानं मान तिरकी करून ऐकत निघाले.